गार्नेटच्या तोंडचं

डॉक्टर बोड्रो माणूस वाईट नव्हते, आणि ओरिसिया ह्रिनचुकची पंचाईत नेमकी तिथंच झाली होती. वाईट माणसाशी कसं भांडायचं हे तिला पाठ होतं. कॅनडातल्या विनिपेगच्या कचेऱ्यांमधल्या कितीतरी साहेबांना तिनं व्हीलचेअरवर बसल्या बसल्या घाम फोडला होता. बसमध्ये खुर्च्या चढत नव्हत्या त्या काळात ती आणि गार्नेट भर जानेवारीत रस्त्यावर खुर्च्या आडव्या घालून बसले होते आणि पोलिसांना त्यांना न्यायला गाडीच मिळेना, कारण पोलिसांच्या गाडीतही खुर्ची चढत नव्हती. पण हे डॉक्टर बोलताना स्टूल ओढून समोर बसत, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. खुर्चीला हात लावण्याआधी विचारत. घड्याळाकडे बघत नसत. असा हा भला माणूस गार्नेटला मरणाचं इंजेक्शन द्यायला येणार होता, तेही गार्नेटच्याच विनंतीवरून, आणि ती विनंती डॉक्टरांच्या कानावर घालायचं काम ओरिसियाकडे आलं होतं.

गार्नेट फ्रीझनला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय त्याचं ऐकत नसत, मान सतत डोलत असे, आणि बोलणं असं की नवख्या माणसाला वाटावं, हा नुसता कण्हतोय. आत मात्र डोकं लख्ख आणि जीभ तिखट. ओरिसियाची हाडं काचेची. शिंक जोरात आली तरी बरगडी जायची. दोघं लहानपणी एकाच निवासी शाळेत होती. तिथल्या बाईंनी गार्नेटला खिडकीपाशी ठेवून दिलं होतं, कारण त्याला काही कळत नाही असं त्याच्या कागदावर लिहिलेलं. ओरिसिया शेजारी बसायची आणि तिला त्याचं बोलणं आपोआप उलगडत गेलं. एकदा तिनं हात वर करून सांगितलं, "बाई, त्याला शू लागलीय." तर गार्नेट असा किंचाळायला लागला की बाई घाबरल्या. काय चुकलं ते तिला बऱ्याच वेळानं समजलं. शेवटी तिनं लाजेनं लाल होऊन भर वर्गात म्हटलं, "बाई, मला शू लागलीय." वर्ग खो खो हसला. गार्नेट शांत झाला.

तेव्हापासून त्या दोघांचा नियम ठरला. तो बोलणार, ती त्याचे शब्द मोठ्यानं म्हणणार, 'तो म्हणतो' असं नाही, 'मी' असंच. त्यात तिचं मत नाही, मलमपट्टी नाही, एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. कळलं नाही तर 'कळलं नाही, पुन्हा बोल' म्हणायचं, अंदाज करायचा नाही. पुढे विनिपेगमध्ये कितीतरी जणांनी आपापल्या मित्रांसाठी हे काम शिकून घेतलं, पण सुरुवात त्या शूपासून झाली हे ओरिसिया अपंगांच्या बुधवारच्या सभेत आवर्जून सांगायची आणि गार्नेट दर वेळी तिच्यावर डाफरायचा.

मरणासाठी मदतीचा कायदा आला आणि मग आजार जीवघेणा नसलेल्या अपंगांनाही तो लागू करायचं ठरलं, तेव्हा ती दोघं ओटावाला संसदेच्या समितीपुढे गेली होती. गार्नेट बोलला आणि ओरिसियाच्या आवाजात ते समितीनं ऐकलं. "धडधाकट माणूस पुलाच्या कठड्यावर चढला तर तुम्ही पोलीस धाडता, त्याचा हात धरता. माझ्यासारखा चढला तर म्हणता, सावकाश, घाई नाही, आम्ही धरतो तुम्हाला. मला मरायला रांग नाही. जगायला आहे. आधी ती रांग हलवा." समितीतल्या एकीनं डोळे पुसले. कायदा झाला.

आणि आता तोच गार्नेट.

झालं होतं ते असं. फर्बी स्ट्रीटवरच्या त्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ सरकारकडून मदतनीस यायचे, उठवायला, धुवायला, भरवायला. मग माणसं कमी पडायला लागली. एका शनिवार-रविवारी कुणीच आलं नाही आणि तो सोमवारपर्यंत तसाच पडून राहिला, स्वतःच्या घाणीत. फोन हाताशी होता, पण फोनवर त्याचं बोलणं कुणाला कळणार? पाठीला जखम झाली, ती हाडापर्यंत चिघळली. इस्पितळात जखम भरायला सगळा उन्हाळा गेला, आणि ती भरली तोवर घर गेलं होतं आणि मदतीचे तासही दुसऱ्याला गेले होते. मग सांगण्यात आलं की उत्तरेकडे दोन तासांवर एका वृद्धाश्रमात खाट रिकामी आहे. तिथं गार्नेटचं बोलणं समजणारं चिटपाखरू नव्हतं. आश्रमाच्या बाई येऊन बघून गेल्या, चांगल्या हसतमुख होत्या, जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "शहाणा आहे हो." त्याच आठवड्यात त्यानं अर्ज केला.

ओरिसियाला हे इस्पितळातली मदतनीस मारिसेल हिच्याकडून कळलं. ती तडक गेली आणि खोलीत शिरल्या शिरल्या बरसली. ओटावाला बोललास ते काय तोंडाची वाफ होती का, बुधवारच्या सभेत लोकांना मी काय तोंड दाखवू, सगळं बोलून घेतलं. गार्नेटनं तिला संपू दिलं.

"झालं?" तो म्हणाला. "आता कामाचं. डॉक्टर येतील तेव्हा माझं बोलायला तू ये."

"मी नाही येणार."

"मग ते दुसऱ्या कुणा बाईला आणतील. ती म्हणेल, त्याला फार त्रास होतोय, त्याला सुटका हवीय. ओरी, मी 'तो' होऊन मरू?"

ती म्हणाली, की हे चूक आहे असं तिला वाटतं.

"मी तुझं मत मागितलं नाही. माझा आवाज मागतोय."

बुधवारची सभा चर्चच्या तळघरात भरायची, रॅम्प तिथंच होता म्हणून. तिथं या गोष्टीवरून रणच माजलं. वेल्मा बार्कमन, जिला डोळ्यांनी दिसत नव्हतं पण माणसाचा स्वभाव आवाजावरून कळायचा, ती म्हणाली की ओरिसिया त्याच्या वतीनं बोलली तर आपली इतक्या वर्षांची लढाई पाण्यात गेली. दुसऱ्यांनी विचारलं, मग काय त्याची जीभ कापायची? आजवर सगळ्यांनी आपल्याऐवजी निर्णय घेतले, आता आपणही तेच करायचं? वेल्मा चिडली, म्हणाली निर्णय त्याचा कुठंय, घर काढून घेणाऱ्यांचा आहे, तो नुसती सही करतोय. दोन्ही बाजूंचं ओरिसियाला पटत होतं आणि हीच तिची शिक्षा होती. ती घरी आली आणि कुणाला न सांगता रडली. जपून रडली, बरगड्यांसाठी.

शेवटी ती गेली. मनात एक हिशोब होता, तोही सांगायला हवा. डॉक्टरांनी गार्नेटचं सगळं म्हणणं नीट ऐकलं, तर त्यांनाच कळेल की ह्याला मरण नको, घर हवंय. भल्या माणसाला कळेलच.

ओरिसिया त्याचं बोलणं बरोबर सांगते का, हे आधी एका वाणीतज्ज्ञ बाईंनी तपासून घेतलं. ओरिसियाला बाहेर पाठवून त्यांनी गार्नेटला एक परिच्छेद वाचायला दिला, मग तिला बोलावून त्याच्याकडून तो म्हणवून घेतला. तिनं शब्दन् शब्द सांगितला, वाक्याच्या मध्ये त्यानं बाईंच्या स्वेटरला मारलेल्या टोमण्यासकट. बाईंना ते रुचलं नाही, पण दाखला दिला. मान सतत डोलत असल्यामुळे मानेचा होकार कायद्यापुढे चालणार नव्हता, तेव्हा सगळी मदार तिच्या तोंडावर आली.

डॉक्टर बोड्रो स्टूल ओढून बसले आणि म्हणाले की घाई नाही. गार्नेट बोलत गेला, थांबत, लाळ गिळत, आणि ओरिसिया बोलत गेली.

"मला आठवड्यातून एकदा आंघोळ मिळते, गुरुवारी. कोण घालणार हे मला कुणी विचारत नाही. जेवण गार होतं कारण भरवायला माणूस नसतो. तुम्ही पाठवताय तिथं माझं बोलणं कुणालाच कळणार नाही. शाळेत खिडकीपाशी ठेवलं होतं, तिथं मला परत जायचं नाही."

"म्हणजे त्रास असह्य आहे असं म्हणता येईल?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"म्हणता येईल. पण पुढचंही लिहा. मला घर आणि सकाळ-संध्याकाळ माणूस मिळाला, तर मी अर्ज मागे घेईन. मला मरायची हौस नाही."

डॉक्टरांनी लिहिलं, खरंच लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले की हा भाग त्यांनी समाजसेविकेला कळवलाय, आणखी एकदा कळवतील, पण घर देणं त्यांच्या हातात नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खंत होती. जन्मभर गार्नेटचं बोलणं अर्ध्यावर तोडत आलेल्या सरकारनं पहिल्यांदा तासभर बसून त्याचं पुरतं ऐकून घेतलं होतं, ते तो मरतो म्हणाला तेव्हा. ओरिसियाला त्या खंतीचा संताप आला. पण ती त्याचा आवाज होती, तिला रागवायची मुभा नव्हती. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी येऊन तेच प्रश्न विचारले आणि तिनं तीच उत्तरं दिली. कायद्याप्रमाणे तीन महिने थांबायचं होतं.

ते तीन महिने तिनं जंग जंग पछाडलं. मारिसेल सकाळची यायला तयार झाली, तर कचेरी म्हणाली की संध्याकाळची सोय नसेल तर सकाळचीही मंजूर होत नाही. रॅम्पवालं घर दोन वर्षांनी मिळालं असतं. एका आमदारबाईंनी सहानुभूती दाखवली, दोनदा. शेवटी ओरिसिया गार्नेटला म्हणाली, माझ्याकडे ये राहायला.

"आणि उचलणार कोण मला? तू?" तो म्हणाला. "मी खोकलो तर तुझा खांदा निखळेल." हसताना त्याला ठसका लागला आणि मारिसेल धावत आली.

मग मार्च उजाडला. खिडकीबाहेर बर्फाचे काळपट ढीग होते. ठरलेल्या दिवशी सकाळी ओरिसियानं चर्चमधून पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, नेल्या, मारिसेलनं त्या कुस्करून साय घालून त्याला भरवल्या. तो सावकाश खात होता. बटाट्यात मीठ कमी आहे म्हणाला. मग डॉक्टर आणि एक परिचारिका आली, मारिसेल तोंड फिरवून बाहेर गेली.

डॉक्टर स्टूलवर बसले. कायद्याप्रमाणे शेवटचं विचारणं होतं. अर्ज मागे घ्यायचा असेल तर या क्षणीही घेता येईल, कुणी रागावणार नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. मग विचारलं, "गार्नेट, तुम्हाला हे हवंय का?"

गार्नेट बोलला. ओरिसियाला लख्ख ऐकू आलं.

"कळलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा बोल."

त्यानं पुन्हा सांगितलं. "नाही कळलं."

डॉक्टर पुढे झुकले. म्हणाले, गार्नेट, दमला असाल तर थांबू या. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, मान आवरायचा आटापिटा करत, घामाघूम होऊन, आणि तिनं तिसऱ्यांदा तेच म्हटलं. इतक्या वर्षांत त्याच्याशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती आणि आता किती सहज जमत होतं. परिचारिकेनं सिरिंजचा ट्रे झाकला. डॉक्टर म्हणाले, "स्पष्ट होकार नसेल तर मला पुढे जाता येणार नाही. आपण पुढच्या आठवड्यात बघू." ओरिसियाच्या छातीवरचं ओझं उतरलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा 'कळलं नाही' म्हणेल, त्याच्या पुढच्याही. तोवर काहीतरी होईल. घर होईल.

गार्नेट तिच्याकडे बघत होता. मग त्यानं एक गोष्ट केली, जी शाळेपासून आजवर तिच्याशी कधी केली नव्हती. तो तिच्याशी परक्यासारखा बोलायला लागला. दुकानदाराशी, बसच्या ड्रायव्हरशी, नव्या नर्सशी तो बोलायचा तसा, एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबून, लहान मुलाला सांगावं तसा. तोंड वासून, जीव खाऊन. "मी. हो. म्हण. तोय." आणि पुन्हा. आणि पुन्हा.

तिला ते बघवेना. खिडकीपाशी ठेवलेल्या त्या मुलाचं बोलणं ऐकणारं जगात एकच माणूस होतं, आणि आता तेही बहिरं झालं होतं. ज्या वृद्धाश्रमाच्या भीतीनं तो मरायला निघाला होता, तो तिनं त्याला इथंच, ह्या खोलीत आणून दाखवला होता.

"मी हो म्हणतोय," ओरिसिया म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "मला हे हवंय. घर नाही म्हणून हवंय, तेवढं लिहा."

गार्नेट आणखी काही बोलला. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाले? तिनं डोळे मिटले आणि सांगितलं.

"आणि ओरीला कळत होतं. पहिल्यापासून. ती खोटं बोलत होती, तेही लिहा."

डॉक्टरांनी ते मात्र लिहिलं नाही. परिचारिकेनं ट्रे उघडला. गार्नेटनं ओरिसियाकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात, नेहमीच्या त्यांच्या बोलण्यात, दोन शब्द म्हटले. ते कुणी विचारले नाहीत आणि तिनं कुणाला सांगितले नाहीत. तिचा हात त्याच्या मनगटावर होता. मान डोलायची थांबली तेव्हा तिला समजलं की संपलं. त्याची मान स्थिर असलेली तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि तिला ती अजिबात आवडली नाही.

सगळं आवरल्यावर डॉक्टर तिच्याबरोबर व्हरांड्यापर्यंत आले. तिथं स्टूल नव्हतं, म्हणून ते भिंतीला टेकून चक्क खाली बसले, तिच्या डोळ्यांपाशी. म्हणाले की आज तिनं जे केलं ते फार अवघड होतं, तिच्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. मग थोडं थांबून, तिच्या वाकड्या हातांकडे आणि खुर्चीकडे बघत, अतिशय मायेनं म्हणाले, "तुम्हालाही दुखत असेल. कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे. तुम्हाला तर आवाजासाठी कुणाची गरजही पडणार नाही."

ओरिसियाला वाटलं किंचाळावं. पण सकाळपासून ती दुसऱ्याच्या तोंडचं बोलत होती आणि आता स्वतःचं असं एकच वाक्य तिच्यापाशी उरलं होतं.

"डॉक्टर, मला मरायचं नाही."

डॉक्टर बोड्रोंनी समजूतदारपणे मान हलवली.

"हो ना," ते म्हणाले. "आत्ता मरायचं नाही."